अंगारकीला पावाचा चुरा

‘वरून हे काय लावलंयस, मालन?’ कर्णिकबाईंनी परातीवर वाकून विचारलं.

‘पावाचा चुरा.’ वहिनीचा चेहरा सकाळपासून फुललेला होता. ‘तीन दिवस गच्चीत वाळवलाय. फ्लॉवरचा तुरा मैद्याच्या भिजवणीत बुडवायचा, ह्यात घोळवायचा आणि तळायचा. असा कुरकुरीत होतो बाई, शेजारच्या माणसाला ऐकू जातो.’

‘होत असेल गं. पण मला नाही चालायचा. आज अंगारकी.’

वहिनीचा हात तुऱ्यासकट भिजवणीतच राहिला.

पलीकडच्या शेगडीवरून खुटाळेकाका हसले. ‘काय वयनी, कॅलेंडर बघितलं न्हाई व्हय? आमचा साबुदाणा बघा कालपासनं भिजतोय.’

साडेबारा वाजले होते. साडेतीनला चव बघणारी कमिटी बसायची होती.

ही गोष्ट साताऱ्याच्या एमआयडीसीतली, आमच्या पंपाच्या कारखान्यातली. अठ्ठावीस वर्षं झाली. कॅन्टीनचा जुना कंत्राटदार दिवाळीनंतर गाशा गुंडाळून गेला होता आणि नाश्त्याचं काउंटर रिकामं पडलं होतं. अर्ज दोनच आले. एक खुटाळेकाकांचा, ज्यांची वड्याची गाडी गेटबाहेर बारा वर्षं उभी होती. दुसरा माझ्या सख्ख्या वहिनीचा, जिनं आमच्या स्वयंपाकघराबाहेर कधी कुणाला चहासुद्धा विकला नव्हता. दोघांनी एकाच दिवशी, कॅन्टीनच्याच शेगड्यांवर एकेक पदार्थ करून दाखवायचा, चौघांनी खायचा आणि तिथल्या तिथे ठरवायचं, असं देवस्थळीसाहेबांनी काढलं होतं. ते आमचे पर्सोनेल ऑफिसर, मी त्यांची टायपिस्ट. ‘मंगळवार, दुपारी ३.३०’ अशी नोटीस मीच टाइप करून बोर्डावर लावली होती.

वहिनीला हे काउंटर किती हवं होतं ते सांगायला हवं. लग्नाआधी ती सांगलीला मावशीच्या खानावळीत दोन वर्षं राबलेली. पन्नास माणसांचं एका वेळी करायची सवय लागलेला हात आमच्या घरी चार माणसांच्या आमटीत अडकला होता. दोन वर्षांपूर्वी पुण्याला एका स्वागत समारंभात वेटर ट्रे घेऊन फिरत होता, त्यात हे पावाच्या चुऱ्यातले फ्लॉवर होते. सगळ्यांनी खाल्ले आणि विसरले. वहिनीनं एक खाल्ला आणि एक रुमालात बांधून घरी आणला. सुरीनं उभा चिरला. आत काय, मध्ये काय, वर काय, असे थर बघितले. तेव्हापासून दर महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या घरी हा पदार्थ नव्यानं व्हायचा आणि दर वेळी ती स्वतःच नापास करायची. चुरा सुटतो, तेल पितो, आत कच्चा राहतो. सोबतचा सॉस तर सोळा वेळा बदलला. शेवटी टोमॅटो, लसूण, भिजवलेली बेडगी आणि लिंबू इथं येऊन ती थांबली होती. सोळा मी मोजलेत. मला माणसांचं असलं सगळं मोजायची खोड आहे.

माझा दादा एस.टी.त कंडक्टर. त्यानं अर्जावर सही करताना सांगितलं होतं, ‘एकदाच. मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर परत ह्या घरात हा विषय नाही.’

वहिनी ‘बरं’ म्हणाली होती. वहिनी एकदा ‘बरं’ म्हणाली की पाळायची, हे दादाला ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं ते वदवून घेतलं होतं.

आणि आता अंगारकी. आमच्या घरात चतुर्थी कुणीच धरत नाही, आमच्याकडे गुरुवार. त्यात पंधरा दिवस वहिनीच्या डोक्यात पावाच्या चुऱ्याखेरीज दुसरं काही नव्हतं. तिला कोण सांगणार?

कर्णिकबाई हळहळल्या. त्या आमच्या टेलिफोन ऑपरेटर आणि कमिटीतल्या एक. ‘मी आपली वासावर मार्क देईन हो,’ असं म्हणून त्या गेल्या. बाईंचा स्वभाव प्रेमळ, पण वासावर आजवर कुणाला काउंटर मिळालेलं नाही.

वहिनीनं तुरा बाहेर काढला. हात धुतले. माझ्याकडे वळली.

‘पमाताई, चौघांत उपास कुणाकुणाचा?’

‘साहेबांचा. कर्णिकबाईंचा. युनियनच्या जगदाळ्यांचा,’ मी म्हटलं. ‘अत्तारचाचा तेवढे खातील.’

‘म्हणजे चारातलं एक मत.’ तिनं माझ्याकडे जरुरीपेक्षा क्षणभर जास्त पाहिलं. मला वाटलं आता रडते. पण ती घड्याळाकडे बघून म्हणाली, ‘पावणेतीन तास आहेत. तुमची लुना आहे ना बाहेर? सुरण मिळेल आत्ता मंडईत?’

‘सुरण? वहिनी, तू करणार काय आहेस?’

‘हेच. दुसऱ्या कपड्यात.’

खुटाळेकाकांनी झारा कढईवर आपटला. ‘ऱ्हाऊ द्या वयनी, कशाला तगमग? बसा निवांत, आमचा वडा खाऊन घरी जा.’

‘खाणार काका,’ वहिनी पदर खोचत म्हणाली. ‘जिंकल्यावर भूक लागेल.’

लुनावर मागं बसल्याबसल्या तिनं याद्या सुरू केल्या. वाऱ्यात मला निम्म्याच ऐकू येत होत्या.

‘सुरण अर्धा किलो. रताळी लाल सालीची, बारीक. लाल भोपळा चालतो का सगळ्यांना?’

‘चालतो!’ मी ओरडले.

‘भेंडी?’

‘साहेबांना चालते, बाईंना नाही!’

‘मग भेंडी नको. कोथिंबीर?’

‘बाईंना चालते, साहेबांना नाही!’

‘जिरं?’

‘साहेबांना चालतं, बाईंना नाही! जगदाळ्यांना लाल तिखट नाही!’

‘देवा गणराया,’ वहिनी माझ्या पाठीत म्हणाली, ‘एकाच देवाचा उपास ना हा?’

मी इतकी हसले की लुना गटाराकडे गेली. चार वर्षं साहेबांच्या मीटिंगांना चहा-फराळ मी मागवत होते. कोण कोणता वार धरतो, कुणाच्या घरी काय चालतं, कुणाचा उपास मनापासून आणि कुणाचा फराळासाठी, हे सगळं माझ्या डोक्यात रकाने पाडून बसलेलं होतं. आणि ते मी भर रस्त्यात, शेंडा-बुडखा न ठेवता, ओरडून सांगत होते. सकाळी ऑफिसला निघताना मी असं काही करीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती.

मंडईत एकाच बाईकडे सुरण होता. तिनं गड्डा कापून द्यायला नकार दिला. ‘घ्यायचा तर सगळा.’ तीन किलोचा गड्डा वहिनीनं लेकरासारखा मांडीवर घेतला. तिथून घरी. वहिनी पायऱ्या दोन-दोन चढून गेली आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा घेऊन उतरली.

‘काय आहे त्यात?’

‘बटाट्याचा कीस. आईनं उन्हाळ्यात वाळवून पाठवलेला. पावाचा चुरा चालत नाही ना त्यांना, मग हा कुटायचा आणि ह्यात घोळवायचं. तेलात पडला की फुलतो हा!’ तिनं डबा कानाशी हलवून खुळखुळ ऐकवली. डोळे असे लकाकत होते की मला एकदम सांगलीची ती वीस वर्षांची मुलगी दिसली, जी मी कधी पाहिलीच नव्हती.

सव्वाला आम्ही परत कॅन्टीनमध्ये. पहिलं काम, कढई. सकाळी तिच्यात पावाचे चार फ्लॉवर तळून बघितले होते. वहिनीनं ते तेल वेगळं काढलं, कढई दोनदा घासली, तिसऱ्यांदा गरम पाण्यानं धुतली आणि नवं शेंगदाणा तेल ओतलं. मी सुरण चिरायला बसले. पाच मिनिटांत हात खाजायला लागले.

‘आमसूल चोळा हाताला,’ ती म्हणाली. ‘आणि सुरण शिजवतानाही चार आमसुलं टाका, नाहीतर कमिटी मार्क द्यायच्याऐवजी घसा खाजवत बसेल.’

शिजवलेल्या सुरणाचे बोटभर तुकडे, रताळ्याच्या चकत्या, भोपळ्याच्या फाका. मैद्याच्या जागी शिंगाड्याचं पीठ भिजवलं. पहिला तुकडा बुडवला, कुटलेल्या किसात घोळवला, तेलात सोडला. कीस तुकड्याला सोडून स्वतंत्रपणे फुलला आणि कढईभर पोहायला लागला. मधोमध सुरण उघडाबोडका.

खुटाळेकाकांनी मान लांब करून पाहिलं. ‘सुरण न्हातोय जणू.’

दुसरा तुकडा. तोच प्रकार. तिसऱ्याला पीठ घट्ट केलं, तर वर लापशीचं टोपरं बसलं.

दोन वाजून दहा मिनिटं. वहिनी कमरेवर हात ठेवून कढईकडे बघत होती. मग तिची नजर हळूहळू पलीकडे गेली. खुटाळेकाकांच्या पातेल्यात पांढरा, टपोरा, चिकट साबुदाणा.

‘काका, वाटीभर साबुदाणा द्या की.’

‘कशाला?’

‘लागतोय.’

‘माझ्याच साबुदाण्यानं मला हरवणार व्हय?’ काकांना ही कल्पना इतकी आवडली की ते पोट धरून हसले. त्यांनी वाटी नाही, चांगला वाडगा भरून दिला. ‘घ्या. उद्या कुणी म्हणायला नगं, खुटाळ्यानं बाईमाणसाला अडवलं.’

वहिनीनं तो साबुदाणा पाण्यात शिजवून पार विरघळवला. कपड्याला घालतात तशी खळ झाली. त्यात शिंगाड्याचं पीठ दोन चमचे. तुकडा बुडवला तर तो चमच्यालाच चिकटून बसला. किसात लोळवला, तळहातावर दाबला, कढईच्या कडेनं अलगद सोडला.

आम्ही दोघी वाकलो. काकाही आपली शेगडी सोडून आले.

कीस तुकड्याला धरूनच फुलला. एकेक पात पांढरी झाली, उभी राहिली, मग टोकाला सोनेरी व्हायला लागली. तेलातून वर आलेला तो तुकडा सुरणाचा आहे असं सांगूनही कुणाला पटलं नसतं. शेवंतीचं फूल कुणी तळलंय असं वाटत होतं. वहिनीनं तो झाऱ्यावर घेतला, मोडला. कर्र!

‘ऐकलंत?’ ती ओरडली. ‘पमाताई, ऐकलंत?’

कॅन्टीनच्या दारातल्या वॉचमननंसुद्धा ऐकलं. खुटाळेकाका आपल्या शेगडीकडे गेले आणि तिथून, मला वाटतं, आपल्या साबुदाण्याकडे जरा रागानं बघायला लागले.

सॉससाठी वहिनीनं दही फडक्यात बांधून टांगलंच होतं. त्यात ओलं खोबरं, भाजलेल्या दाण्यांचं कूट, हिरवी मिरची, आलं, लिंबू, थोडी साखर. जिरं नाही, कोथिंबीर नाही, लाल तिखट नाही. तिघांच्या तीन बंदी आज्ञांमधून वाट काढत ते प्रकरण पाट्यावर वाटलं जात होतं. मी बोट घालून चाखलं. तिखट आधी लागत नव्हतं, गिळल्यावर दोन क्षणांनी कानामागून यायचं.

‘मीठ राहिलं,’ मी म्हटलं.

‘घालतेच आहे.’ वहिनीनं कॅन्टीनचा मिठाचा डबा पुढं ओढला, मूठ भरली. एक हात सॉसवर, डावीकडे खळीचं पातेलं वाट बघत.

आता इथं मी जरा थांबते, कारण तेव्हाही थांबले होते. फार नाही, श्वासभर.

देवस्थळीसाहेब उपासाला साधं मीठ खात नाहीत. शेंदेलोण, म्हणजे खाणीतलं खड्याचं मीठ, तेवढंच त्यांना चालतं. हे कारखान्यात मला एकटीला ठाऊक होतं, कारण त्यांच्या फराळासोबत घरून मिठाची पुडी यायची आणि ती ट्रेमध्ये ठेवायचं काम माझं. पहिला प्रश्न ते हाच विचारणार, ‘मीठ कोणतं?’ आणि उत्तर ऐकून ताटली बाजूला सारणार. ते कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी तोंड न लावलेल्या पदार्थाला कर्णिकबाई मत देणार नाहीत, आणि जगदाळे उपासाच्या बाबतीत साहेबांच्या मागं उभे राहणार. मी गप्प बसले तर कुणालाही कधीही कळणार नव्हतं. काउंटर खुटाळ्यांना. वहिनी घरात. ‘परत ह्या घरात हा विषय नाही.’

वहिनीच्या कपाळावर शिंगाड्याचं पीठ लागलेलं होतं. मूठ उघडायला लागली होती.

‘थांब!’ मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडे खुटाळ्यांचा एक वडा हातातून निसटून तेलात पडला. ‘वहिनी, थांब! शेंदेलोण!’

दोन पंचावन्न. मंडईत जाऊन यायला वेळ नव्हता. पण साहेबांचा बंगला कारखान्याच्या मागच्याच बाजूला होता. मी पळाले. साडी गुडघ्यापर्यंत धरून, फाउंड्रीच्या मागून, टाकलेल्या पंपांवरून उड्या मारत. साहेबांच्या मिसेस अंगणात पापडाच्या डांगराला हात लावून बसल्या होत्या.

‘काकू, शेंदेलोण!’ मी धापा टाकत म्हटलं. ‘साहेबांसाठी. कॅन्टीनमध्ये. अर्ध्या तासात.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं, मग मला ओढत स्वयंपाकघरात नेलं. मांडणीवर कागदी चिठ्ठी लावलेली काचेची बरणी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात ‘सैंधव (उपास)’. त्यांनी अख्खी बरणी माझ्या हातात दिली.

‘ने. आणि लवकर आण परत, संध्याकाळच्या खिचडीला लागेल.’

मी बरणी उजेडात धरली. आतलं मीठ पांढरंशुभ्र, बारीक, कोरडं. शेंदेलोण थोडं गुलाबी असतं, खडेदार.

‘काकू, हे तर...’

‘साधंच आहे,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘ते खडे फोडून, चाळून, खलून माझा अंगठा जायची वेळ आली होती. पाच वर्षं झाली. पुडीत बांधते तेही हेच. ह्यांना काही फरक कळलेला नाही, गणपतीचीही तक्रार नाही. ह्यांनी विचारलं तर सांग, घरचं आहे. खोटं नाही बोलायचं.’

मी बरणी छातीशी धरून आले तशी पळत परत गेले. पुढची चार-पाच मिनिटं मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही.

साडेतीन. चौघे बाकावर ओळीनं बसले. आधी खुटाळेकाकांचे वडे आले. चांगले होते, मी काही अन्याय करणार नाही. पण मी चेहरे बघत होते. साहेबांनी सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्लेली, दुपारी कर्णिकबाईंच्या डब्यातही खिचडीच, आणि जगदाळ्यांनी तर येतायेता स्टँडवर एक प्लेट साबुदाण्याचे वडे मारलेले. तिघांनीही वडा हातात घेतला तो, रोज भेटणारा नातेवाईक पुन्हा दारात दिसल्यासारखा. एकेक खाल्ला. दुसऱ्याला कुणी हात लावला नाही.

मग वहिनीची परात आली. फुललेल्या किसाचे पांढरे-सोनेरी तुकडे, मधोमध वाडग्यात दह्याचा सॉस. अत्तारचाचांसमोर वेगळी ताटली: पावाच्या चुऱ्यातला, सगळ्यात शेवटी तळलेला फ्लॉवर आणि लाल सॉस, सकाळी ठरल्यासारखा.

साहेबांनी तुकडा उचलला. नाकाशी नेला. ‘तेल?’

‘नवं. कढई तीनदा धुतली,’ वहिनी म्हणाली.

‘मीठ कोणतं?’

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

‘तुमच्याच घरचं आहे, साहेब,’ मी म्हटलं आणि बरणी पुढं केली. ‘काकूंकडून आणलं.’

साहेबांनी चिठ्ठी वाचली. चार वर्षांत मी त्यांना असं हललेलं पाहिलं नव्हतं. ‘इतका विचार...’ असं काहीतरी पुटपुटून त्यांनी तुकडा सॉसमध्ये बुडवला आणि तोंडात टाकला.

कर्र!

मग कर्णिकबाईंचा. मग जगदाळ्यांचा. पलीकडून चाचांच्या फ्लॉवरचा आवाज आणखी खणखणीत. चार जबड्यांचं काम चाललं होतं.

‘हे सुरण आहे?’ कर्णिकबाई. ‘मालन, सुरण? माझ्या घरी सुरण कुणी ताटात वाढू देत नाही!’

‘बाई, ते भोपळ्याचं मला द्या,’ जगदाळे. ‘तुमच्याकडं दोन हायेत.’

‘तुम्ही चार खाल्लेत, जगदाळे.’

‘नवसाचा उपास आहे माझा, जोर लागतो!’

साहेबांना मिरची उशिरा भेटली. डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते पुसलं आणि सातवा तुकडा घेतला. मी मोजत होते: साहेब सात, बाई सहा, जगदाळे अकरा. चाचांनी आपली ताटली बोटानं पुसून स्वच्छ केली आणि लाल सॉसचा वाडगा हातात धरून म्हणाले, ‘हे उपासवाले बिचारे. मालनबेटी, तुझा खरा माल मी खाल्लाय. हा सॉस असेल तर मी पुठ्ठापण खाईन.’

जगदाळ्यांनी वळून त्या रिकाम्या ताटलीकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांचा नवस तिथंच मोडला असता. ‘उद्या मला ते हवं,’ ते म्हणाले. ‘सकाळी. पहिला मी.’

‘म्हणजे काउंटर कुणाचं ते ठरलंच की,’ साहेब रुमालानं बोटं पुसत म्हणाले. ‘सोमवारपासून. रात्रपाळी सहाला सुटते, पावणेसहाला नाश्ता तयार लागेल. जमेल ना, मालनबाई?’

वहिनीनं नुसती मान हलवली, तीन-चारदा, जोरजोरात.

खुटाळेकाका आपली कढई उचलून निघाले होते. दारात थांबले. ‘वयनी, साबुदाण्याची वाटी माझी, मार्क तुमचे. गेटवर या कधी, तो लाल सॉस शिकवा. माझ्या वड्याला लावीन.’

‘नक्की शिकवीन, काका.’ तिचा आवाज आत्ता कुठं आला.

सगळे गेले. कॅन्टीनमध्ये आम्ही दोघीच. खिडकीतून उन्हं आत आली होती. वहिनी कढई घासायला बसली. मी भांडी विसळत होते आणि माझी बडबड थांबत नव्हती. साहेबांचा चेहरा, जगदाळ्यांचे अकरा, काकूंची बरणी. काकूंच्या बरणीला वहिनी इतकी हसली की तिच्या हातातली काथ्याची गुंडी पडली. हसू ओसरल्यावर ती म्हणाली,

‘पमाताई, एक विचारू?’

‘विचार की.’

‘साहेब अंगारकीला कोणतं मीठ खातात, हे ज्या बाईला माहीत,’ ती कढईचा तळ घासतच होती, ‘तिला अंगारकी कधी आहे हे माहीत नव्हतं?’

माझ्या हातातला वाडगा पाण्यात बुडाला.

माहीत होतं. नोटीस टाइप करताना माहीत होतं. त्यानंतर पंधरा दिवस रोज माहीत होतं. ती गच्चीत पाव वाळत घालायची तेव्हा मी शेजारी उभी राहून कपडे काढायचे, आणि मला माहीत असायचं.

‘का?’ तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी खरं सांगितलं. आज लिहितानाही त्याचा आकार किती लहान आहे ते बघून कानशिलं तापतात. तिला काउंटर मिळालं की ती पहाटे घर सोडणार. मग आईबाबांच्या भाकऱ्या कोण करणार? दादाचा डबा, माझा डबा? मी हिशेब मांडला होता आणि त्याची बेरीज दर वेळी माझ्यावर येऊन थांबत होती. बस, एवढंच. मला सकाळी साडेसातपर्यंत झोपायचं होतं.

वहिनीनं कढई उपडी घातली.

‘सहा वर्षं तुमचा डबा करतेय,’ ती म्हणाली. ‘तुम्ही सगळ्यांचं सगळं मोजता, पमाताई. कारखान्यात कोण काय खातं, ते तोंडपाठ. मी आज सकाळपासून काय खाल्लं, सांगा बघू.’

मला सांगता येईना. सकाळपासूनचं नाही, कालचंही नाही. कुठल्याच दिवशी ती जेवताना मला दिसेना. वाढतानाच दिसत होती.

मी उठले. शेगडी पेटवली. धुतलेली कढई पुन्हा चढवली. सकाळचं वेगळं काढलेलं तेल होतं, परातीत पावाचा चुरा होता, फ्लॉवरचे तुरे भिजवणीजवळ तसेच पडून होते. मी तुरा बुडवला, घोळवला, सोडला. पहिला जळला. दुसऱ्याचा चुरा सुटला. वहिनी बाकावर बसून बघत होती. मदतीला उठली नाही. पाचवा-सहावा जरा बरा निघाला. मी ताटलीत घेऊन, लाल सॉसचा उरलेला तळ खरवडून, तिच्यापुढं ठेवला आणि उभी राहिले.

तिनं एक तुरा उचलला, बुडवला, खाल्ला. डोळे मिटले. चावण्याचा आवाज फारसा आला नाही, मऊच झाला होता.

‘तेल तापायच्या आधी सोडलात,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘आणि चुरा दाबला नाहीत.’

‘हो.’

तिनं दुसरा उचलला. मग तिसरा. मग जरा सरकून बाकावर माझ्यासाठी जागा केली.

‘सोमवारी पाचला उठा,’ ती तोंडात घास असतानाच म्हणाली. ‘भाकरीचं पीठ मळायला पाणी कढत लागतं.’